गौरव संघटनेचा, शिक्का सरकारचा

१९७१ च्या एप्रिल महिन्यात टेक्ससच्या प्रतिनिधीगृहाने एक गौरवाचा ठराव एकमताने मंजूर केला. वेकोचे आमदार टॉम मूर यांनी तो मांडला होता. अल्बर्ट डिसाल्व्हो नावाच्या माणसाने लोकसंख्या नियंत्रण आणि उपयोजित मानसशास्त्र या क्षेत्रांत वेगळ्या वाटेने जे काम केले, त्याबद्दल सभागृह त्याचे कौतुक करते, असा त्याचा आशय होता. कुणी हरकत घेतली नाही, कुणी प्रश्न विचारला नाही. डिसाल्व्हो म्हणजे 'बॉस्टन स्ट्रँगलर'. बायकांचे गळे आवळून खून केल्याची कबुली दिलेला माणूस. मूर यांनी नंतर स्वतःच ठराव मागे घेतला. आपले सहकारी कशावर 'हो' म्हणतात ते वाचतच नाहीत, एवढेच त्यांना दाखवून द्यायचे होते.

पन्नासहून अधिक वर्षे झाली तरी हा किस्सा इथे टेक्ससमध्ये सांगितला जातो, कारण तो जुना झालेला नाही. टेक्ससचे विधिमंडळ विषम वर्षी जानेवारीत भरते आणि नियमित अधिवेशन जास्तीत जास्त १४० दिवस चालते. तेवढ्या दिवसांत अंदाजपत्रक, शाळा, पाणी, वीज सगळे उरकायचे असते. त्यातच फुटबॉल जिंकलेल्या शाळा, शंभरी गाठलेल्या आजी, निवृत्त झालेले पोलीस अधिकारी आणि निरनिराळ्या व्यवसायांच्या संघटना यांच्या गौरवाचे ठराव ढिगाने येतात आणि एकगठ्ठा मंजूर होतात. शाळेचे आणि आजींचे कौतुक खुशाल व्हावे. माझा आक्षेप एका विशिष्ट प्रकारच्या ठरावाला आहे. आरोग्यसेवेतल्या व्यावसायिक संघटनेचा गौरव करताना विधिमंडळ जेव्हा त्या संघटनेचीच भाषा स्वतःच्या तोंडी घेते, तेव्हा ते एका उपचारपद्धतीला प्रमाणपत्र देऊन बसते. ते काम त्याचे नाही. अमेरिकेतल्या राज्याराज्यांतल्या कायरोप्रॅक्टिक, म्हणजे पाठीचे मणके हाताने दाबून, हलवून उपचार करणाऱ्यांच्या, संघटना हे याचे चांगले उदाहरण आहे, कारण या व्यवसायाचा सगळा इतिहासच 'आम्हाला मान्यता द्या' या मागणीचा इतिहास आहे.

हा इतिहास थोडा सविस्तर सांगायला हवा, नाहीतर मी कायरोप्रॅक्टरांच्या विरुद्ध लिहितो आहे असा समज होईल.

आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ चुंबकीय उपचार करीत. १८९५ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी त्याच इमारतीत झाडलोट करणाऱ्या हार्वी लिलार्ड यांच्या पाठीतला एक मणका हाताने दाबून 'जागेवर बसवला'. लिलार्ड यांना बरीच वर्षे नीट ऐकू येत नव्हते, ते या उपचाराने येऊ लागले, असे पामर यांनी सांगितले. तिथून कायरोप्रॅक्टिकची सुरुवात धरतात. दोनच वर्षांनी पामर यांनी शाळा काढली. मणका जागचा सरकला की मज्जातंतूंवर दाब येतो आणि बहुतेक सगळे रोग त्यातूनच होतात, असे त्यांचे म्हणणे होते. शंभरातले पंचाण्णव रोग, असा आकडाच त्यांनी पुढे दिला. आपल्याकडचा हाडवैद्य निखळलेला खांदा बसवतो, मुरगळलेला पाय चोळून बांधतो, पण दमा किंवा बहिरेपणा मी मणक्यावरून घालवतो असे म्हणत नाही. पामर यांचा दावा फार मोठा होता, आणि वाद त्या दाव्यापासूनच सुरू झाला.

वाद म्हणजे तोंडी वाद नव्हे. विनापरवाना वैद्यकी केल्याच्या आरोपावरून १९०६ मध्ये खुद्द पामर तुरुंगात गेले. त्याच वर्षी त्यांचा मुलगा बी. जे. पामर यांच्या पुढाकाराने कायरोप्रॅक्टरांची एक संघटना उभी राहिली, आणि तिचे मुख्य काम होते सभासदांवरचे खटले लढवणे. १९०७ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉस गावात शेगातारो मोरिकुबो या जपानी वंशाच्या कायरोप्रॅक्टरवर खटला झाला. ही वैद्यकी नाही, ऑस्टिओपॅथी (हाडे-स्नायू हाताळून उपचार करण्याची दुसरी पद्धत) हीही नाही, हे वेगळेच शास्त्र आहे, असा बचाव वकिलाने मांडला आणि मोरिकुबो सुटले. त्यानंतर गावोगाव हाच बचाव वापरला गेला. कॅलिफोर्नियात तर शिक्षा झालेले कायरोप्रॅक्टर दंड भरायचे सोडून तुरुंगात जात. शेवटी १९२२ मध्ये तिथल्या मतदारांनीच थेट मतदानाने त्यांचा कायदा मंजूर केला.

परवान्याचा पहिला कायदा कॅन्ससने १९१३ मध्ये केला, शेवटचा लुईझियानाने १९७४ मध्ये. म्हणजे पन्नास राज्ये पुरी व्हायला सहा दशके लागली. टेक्ससची गोष्ट त्यातही गुंतागुंतीची. इथली संघटना १९१६ पासून आहे. १९४३ मध्ये विधिमंडळाने कायदा केला, तो पुढच्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने रद्द ठरवला. कारण १८७६ च्या राज्यघटनेत एक कलम आहे: वैद्यकी करणाऱ्यांची पात्रता विधिमंडळाने ठरवावी, पण कायद्याने कोणत्याही वैद्यकीय पंथाला झुकते माप कधीही देऊ नये. कायरोप्रॅक्टरांना इतरांपेक्षा कमी पात्रतेवर परवाना देणे हे झुकते माप आहे, असे न्यायालयाने म्हटले. टिकाऊ कायदा १९४९ मध्ये झाला.

त्या घटनेतले ते वाक्य मला फार मोलाचे वाटते. आमच्या डॅलसच्या उपनगरांतले कितीतरी मराठी लोक इथले नागरिक झाले, मतदार झाले, पण आपल्या राज्याच्या घटनेत असे काही आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. सरकारने लोकांच्या सुरक्षिततेपुरती पात्रता ठरवावी, आणि कोणते शास्त्र खरे या भांडणात पडू नये, इतका साधा विचार त्यात आहे. गौरवाचा ठराव हा काही कायदा नसतो, तेव्हा ते कलम त्याला अक्षरशः लागू होत नाही. पण विधिमंडळाने स्वतःला जी शिस्त लावून घेतली आहे, ती ठराव करताना सोडून देण्याचे काय कारण?

आता दुसरी बाजू. डॉक्टरांच्या संघटनेने कायरोप्रॅक्टरांशी जे केले ते अन्यायाचे होते, आणि हे मत माझे एकट्याचे नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ मध्ये भोंदूगिरीविरोधी समिती नेमली. तिचा मुख्य रोख कायरोप्रॅक्टिक हा व्यवसायच संपवण्यावर होता. 'अशास्त्रीय' उपचार करणाऱ्यांशी व्यावसायिक संबंध ठेवणे डॉक्टरांना आचारसंहितेनेच मना होते. याविरुद्ध शिकागोचे चेस्टर विल्क आणि इतर चार कायरोप्रॅक्टर १९७६ मध्ये कोर्टात गेले. अकरा वर्षांनी, १९८७ मध्ये, न्यायाधीश सुसान गेटझेंडॅनर यांनी निकाल दिला की असोसिएशनने मक्तेदारीविरोधी कायदा मोडला आहे. वरच्या न्यायालयाने १९९० मध्ये तो कायम केला.

कायरोप्रॅक्टर हा निकाल अभिमानाने सांगतात आणि तो त्यांचा हक्क आहे. पण त्या निकालातला एक भाग सहसा सांगितला जात नाही. फिर्यादींना कोर्टाकडून आणखी एक गोष्ट हवी होती: कायरोप्रॅक्टिक ही परिणामकारक, शास्त्रीय उपचारपद्धती आहे असा निर्वाळा. न्यायाधीशांनी तो द्यायला नकार दिला. या प्रश्नाचे उत्तर नीट आखलेल्या, नियंत्रित वैज्ञानिक अभ्यासातूनच मिळू शकते, ऐकीव अनुभवांच्या आधारे आपण ही पद्धत खरी किंवा खोटी ठरवणार नाही, असे त्यांनी निकालात स्पष्ट लिहिले. ज्या न्यायाधीशाने कायरोप्रॅक्टरांच्या बाजूने निकाल दिला, जिच्यासमोर वर्षानुवर्षांची कागदपत्रे होती, साक्षी-उलटतपासण्या झाल्या होत्या, तिनेही हात आखडता घेतला. आणि जिथे साक्ष नाही, चर्चा नाही, वाचनसुद्धा नाही, ते सभागृह बेधडक सांगते की अमुक संघटनेच्या सभासदांनी राज्याच्या जनतेचे आरोग्य सुधारले. न्यायालयाचा संयम विधिमंडळानेही पाळावा, एवढेच माझे मागणे आहे.

अशा ठरावाचा मसुदा जरा जवळून पाहू. त्याची घडण आपल्या शासकीय अधिसूचनेसारखीच असते: ज्याअर्थी असे आहे, आणि ज्याअर्थी तसे आहे, त्याअर्थी हे सभागृह ठरवते की. पहिल्या 'ज्याअर्थी'त संघटनेचे स्थापना-वर्ष येते. ते खरे असते, तपासता येते. दुसऱ्यात सभासद-संख्या, अधिवेशन, शिष्यवृत्त्या. तेही ठीक. तिसऱ्यापासून सूर बदलतो. हा व्यवसाय औषधांविना आणि शस्त्रक्रियेविना शरीराची स्वतःला बरे करण्याची शक्ती जागवतो, असे काहीतरी येते. चौथ्यात नागरिकांचे आयुष्य निरोगी झाल्याचे येते. ही वाक्ये आमदाराला सुचलेली नसतात. ज्याचा गौरव व्हायचा तोच बहुतेक वेळा मजकूर पुरवतो, आमदाराच्या कार्यालयातला कर्मचारी तो ठरावाच्या साच्यात बसवतो. पण मंजुरीनंतर ती वाक्ये सभागृहाची होतात. शिक्क्यासह, सहीसह, चांगल्या जाड कागदावर छापून.

तो कागद पुढे कुठे जातो? मागच्या हिवाळ्यात आमच्या शेजाऱ्यांचे वडील पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले होते. वीस-बावीस तासांच्या प्रवासाने त्यांची कंबर धरली. व्हिजिटर इन्शुरन्समध्ये काय बसते, काय नाही याचा पत्ता नाही, डॉक्टरची वेळ तीन आठवड्यांनी, म्हणून मुलगा त्यांना जवळच्या कायरोप्रॅक्टरकडे घेऊन गेला. गाडीत जागा होती म्हणून मीही सोबत होतो. बाहेरच्या खोलीत भिंतीवर राज्याचा परवाना लावलेला होता, आणि त्याच्याच शेजारी, त्याच्या दुप्पट आकाराच्या चौकटीत, संघटनेच्या गौरवाच्या ठरावाची प्रत. काकांनी चष्मा लावून परवान्याकडे पाहिलेही नाही. ठराव मात्र शेवटपर्यंत वाचला आणि मुलाला म्हणाले, "अरे, यांचा तर असेंब्लीने सत्कार केलाय. म्हणजे माणूस खात्रीचा दिसतो."

मी म्हटले, "काका, सत्कार संघटनेचा आहे. या डॉक्टरांची माहिती त्या छोट्या कागदावर आहे."

"असेना का. सरकार उगीच कुणाला देतं का असं?"

काकांचे काही चुकले नाही. सरकारी मोहोर पाहिली की विश्वास ठेवावा, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकलो आहोत, आणि बहुतेक ठिकाणी ते रास्तच असते. त्यांच्या कमरेवर उपचार झाले, त्यांना बरे वाटले, याबद्दल माझी काही तक्रार नाही. मला खटकली ती त्या दोन चौकटींची उंची. परवान्यामागे शिक्षण, परीक्षा, तक्रार करण्याची सोय, परवाना रद्द होण्याचा धाक हे सगळे उभे आहे. ठरावामागे काहीही नाही. तरी रुग्णाच्या मनात वजन ठरावाचे पडले.

ठरावाला कायद्याचे बळ नसते, तो केवळ सौजन्याचा भाग आहे, मग एवढा काथ्याकूट कशाला, असे मला इथले एक जाणकार स्नेही म्हणाले. खरोखरच त्याचा काही उपयोग नसता तर तो मिळवण्यासाठी कुठल्याही संघटनेने धडपड केली नसती. पुढच्या अधिवेशनात व्यवसायाची कार्यकक्षा, म्हणजे कोणते उपचार करता येतील त्याची मर्यादा, वाढवण्याचे विधेयक येते, तेव्हा 'याच सभागृहाने आमच्या सेवेची दखल घेतली आहे' हे वाक्य कामी येते. विमा कंपन्यांशी बोलताना कामी येते, जाहिरातीत येते. डॉक्टरांच्या संघटनेचे वागणेही तेच. टेक्सस मेडिकल असोसिएशनचा 'टेक्सपॅक' हा निवडणुकांना देणग्या देणारा निधी आमदारांना चांगला परिचयाचा आहे. या संघटना आपापल्या सभासदांच्या भल्यासाठी असतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही, पण सभासदांचे भले आणि रुग्णाचे भले या दोन गोष्टी दर वेळी एकच असतील असे धरून चालता येत नाही.

टेक्ससच्या कायद्याने तर ते धरलेलेच नाही. इथल्या कायरोप्रॅक्टिक परवाना मंडळावर नऊ जण असतात, सहा कायरोप्रॅक्टर आणि तीन सामान्य नागरिक, आणि राज्यपाल त्यांची नेमणूक सिनेटच्या संमतीने करतात. कायद्यात पुढे साफ लिहिले आहे की आरोग्यक्षेत्रातल्या व्यावसायिक संघटनेचा पदाधिकारी, पगारी नोकर किंवा पैसे घेणारा सल्लागार या मंडळावर बसू शकत नाही. त्याच्या नवऱ्याला किंवा बायकोलाही ती बंदी आहे. म्हणजे संघटना आणि नियामक मंडळ यांच्यात विधिमंडळाने स्वतः विचारपूर्वक भिंत बांधली. आणि तेच विधिमंडळ गौरवाच्या ठरावात संघटनेला जवळजवळ मंडळाच्या पंक्तीला बसवते.

मराठी वाचकाला हा फरक आपल्याकडच्या उदाहरणाने पटकन कळेल. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल ही कायद्याने निर्माण झालेली परिषद आहे. ती नोंदणी करते, तक्रारी ऐकते, नोंदणी रद्द करू शकते. इंडियन मेडिकल असोसिएशन ही डॉक्टरांची ऐच्छिक संघटना आहे. होमिओपॅथीच्या डॉक्टरांना आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करून ॲलोपॅथीची औषधे देऊ द्यावीत, असा कायदा महाराष्ट्राने २०१४ मध्ये केला. त्यांच्या नोंदणीचा प्रश्न २०२५ मध्ये पेटला तेव्हा असोसिएशनने संप पुकारला आणि होमिओपॅथीच्या संघटना उलट बाजूने उभ्या राहिल्या. दोघांचेही म्हणणे रुग्णाच्या हिताचे असेल, नसेल, पण दोघांच्याही पोटापाण्याचा त्यात संबंध होता हे उघड आहे. अशा वेळी विधानसभेने यांपैकी एका संघटनेच्या अभिनंदनाचा ठराव करून तिची उपचारपद्धती श्रेष्ठ असल्याचे त्यात घातले असते, तर आपण सगळ्यांनीच भुवया उंचावल्या असत्या.

मग कायरोप्रॅक्टिक उपचारांबद्दल प्रामाणिकपणे काय म्हणता येते? कंबरदुखीपुरते बोलायचे तर बरेच काही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत गोळ्यांआधी औषधांविनाचे उपाय करून पाहावेत असे सांगितले, आणि त्या उपायांत मणक्यांच्या हाताळणीचाही समावेश केला. पुराव्याचा दर्जा मात्र त्यांनी कमी असल्याचे नोंदवले. त्याच वर्षी 'जामा' या नियतकालिकात अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. नव्या कंबरदुखीत वेदना थोडी कमी होते, हालचाल थोडी सुधारते, असा त्याचा निष्कर्ष होता. ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामक, गोळ्यांनी या देशात जो हाहाकार माजवला, तो पाहता 'थोडी कमी' हेसुद्धा क्षुल्लक नाही. ज्यांची कंबर दुखली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

मानेच्या बाबतीत सावध राहावे लागते. मानेला झटका देऊन केलेली हाताळणी आणि मानेतल्या रक्तवाहिनीचा आतला पदर फाटून होणारा पक्षाघात यांच्यात संबंध आढळतो, कारण-परिणाम सिद्ध झालेला नाही, पण रुग्णाला आधी तशी कल्पना द्यायला हवी, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये म्हटले. तान्ह्या मुलांचे रडणे, दमा, कान फुटणे यांवरच्या दाव्यांना तर भक्कम आधारच नाही. ब्रिटनमध्ये विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी २००८ मध्ये हेच लिहिले, तेव्हा ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने त्यांच्यावर बदनामीचा दावा लावला. २०१० मध्ये अपील न्यायालयाने सिंग यांच्या बाजूने कौल दिल्यावर तिने तो मागे घेतला. त्या प्रकरणाने लोकांचे डोळे उघडले, आणि ब्रिटनला २०१३ मध्ये बदनामीचा कायदा बदलावा लागला त्यामागे त्याचाही हात होता. ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्याने स्थापन झालेली वेगळी नियामक परिषद आहे. दावा लावणारी होती ती संघटना. पुरावा मागितल्यावर व्यावसायिक संघटना कशी वागू शकते हे तिथे दिसले. उद्या एखादे विधिमंडळ तशा संघटनेला 'जनतेच्या आरोग्याची रक्षक' म्हणून मोकळे झाले, तर प्रश्न विचारणाऱ्याची बाजू तेवढी लंगडी पडते.

ठरावाहूनही मोठा धोका मला दुसरीकडे दिसतो, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. काही ठिकाणी संघटनेला थेट कायद्यातच जागा मिळते. अलाबामात १८७५ मध्ये राज्याच्या वैद्यकीय संघटनेलाच कायद्याने राज्याचे आरोग्य मंडळ ठरवण्यात आले होते. इतके टोक सगळीकडे गाठले जात नाही, पण मंडळावरच्या नावांची यादी संघटनेने द्यायची, सभासद व्यवसायाने निवडून द्यायचे, असले प्रकार परवाना देणाऱ्या कायद्यांत दिसतात. त्याचे काय होते ते नॉर्थ कॅरोलिनाच्या दंतवैद्यक मंडळाने दाखवले. त्या मंडळातले सहा दंतवैद्य दंतवैद्यांनीच निवडून दिलेले असत. मॉलमध्ये स्वस्तात दात पांढरे करून देणाऱ्यांना मंडळाने 'धंदा बंद करा' अशी पत्रे धाडली. केंद्रीय व्यापार आयोगाने हरकत घेतली, आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवले की धंद्यात असलेल्यांच्याच हातात कारभार असलेल्या मंडळाला, राज्याची प्रत्यक्ष देखरेख असल्याशिवाय, मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट मिळणार नाही. दंतवैद्यांनी हे केले, कारण ते त्या जागी होते. कायरोप्रॅक्टर असते, फिजिओथेरपिस्ट असते, तरी काही वेगळे झाले असते असे मला वाटत नाही.

टेक्ससमधली लढाई आजही अशीच चालते. कायरोप्रॅक्टरने डोळ्यांच्या हालचालींवरून तोल तपासण्याची चाचणी करावी का, स्नायू आणि हाडांच्या व्यवस्थेत मज्जातंतू धरावेत का, यावर टेक्सस मेडिकल असोसिएशन २०११ मध्ये कोर्टात गेली. २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने परवाना मंडळाच्या, म्हणजे कायरोप्रॅक्टरांच्या बाजूने निकाल दिला. निकाल योग्य की अयोग्य यावर मतभेद होऊ शकतो. पण निदान तिथे दोन्ही बाजूंनी कागद मांडले, तज्ज्ञ बोलले, न्यायाधीशांनी कारणे लिहून दिली. कार्यकक्षेचा प्रश्न असाच सुटायला हवा, उजेडात आणि कारणांसह. गौरवाच्या ठरावातून मागच्या दाराने त्याला टेकू मिळता कामा नये.

'डॉक्टरांच्या संघटनेचे गौरव होतात तेव्हा कुणी बोलत नाही, आम्ही शंभर वर्षे अपमान सोसला, आमच्याच वेळी नियम कडक का?' हे कायरोप्रॅक्टरांचे म्हणणे मला सगळ्यात जास्त विचार करायला लावते. नियम त्यांच्याच वेळी कडक होणार असतील तर तो पुन्हा अन्यायच. म्हणून मी जे मागतो ते सगळ्यांसाठी मागतो. टेक्सस मेडिकल असोसिएशन, परिचारिकांच्या संघटना, दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट, झाडून सगळ्यांना एकच माप. विल्क खटल्याने शिकवले ते हेच की सर्वांत प्रतिष्ठित संघटनाही जनहिताचे नाव घेऊन प्रतिस्पर्ध्याचा गळा दाबू शकते.

आणि कायरोप्रॅक्टरांचा गौरव करायचाच असेल तर खरे सांगण्यासारखे थोडे का आहे? आपल्या मतासाठी तुरुंगात गेलेली माणसे या व्यवसायात झाली. देशातल्या सर्वांत बलाढ्य वैद्यकीय संघटनेशी मोजक्या माणसांनी शेवटपर्यंत झुंज दिली आणि ती जिंकली. टेक्ससमध्ये त्यांचे महाविद्यालय १९०८ मध्येच निघाले. एखाद्या संघटनेने वादळानंतर मोफत शिबिरे भरवली असतील, गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या असतील, तर ते ठरावात यावे, तारीख आणि आकड्यासह. माणसांनी काय केले ते सभागृहाने सांगावे. उपचाराने काय होते ते सांगण्याचे काम अभ्यास करणाऱ्यांवर सोडावे. मसुदा कुणी पुरवला हे ठरावाच्या नोंदीत लिहावे. आरोग्याच्या परिणामाबद्दलचे वाक्य असेल तर ते काढावे, किंवा राज्याच्या आरोग्य खात्याकडून तपासून घ्यावे. ठरावाच्या तळाशी, हा ठराव म्हणजे कोणत्याही उपचाराची किंवा उपचारकाची शिफारस नव्हे, अशी एक ओळ घालावी. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही, सभागृहाने स्वतःच्या कामकाजाच्या नियमांत बदल केला की पुरे.

पुढचे अधिवेशन जानेवारी २०२७ मध्ये सुरू होईल. डॅलसच्या उत्तरेकडच्या कॉलिन आणि डेंटन काउंट्यांत भारतीय मतदार आता इतके आहेत की आमदार दिवाळीच्या कार्यक्रमांना आवर्जून येतात, महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात आरतीला उभे राहतात. त्यांच्यासोबत फोटो काढून झाल्यावर दोन मिनिटे हा विषय काढावा. त्यापेक्षाही पक्के काम परवाना मंडळांवरच्या सामान्य नागरिकांच्या जागांचे आहे. कायरोप्रॅक्टिक मंडळावर तशा तीन आहेत, वैद्यकीय आणि परिचर्या मंडळांवरही आहेत. राज्यपालांच्या नेमणूक कार्यालयाकडे त्यासाठी कुणाही पात्र रहिवाशाला अर्ज करता येतो. या जागांवर बसणाऱ्याला मणक्यांचे ज्ञान लागत नाही. तक्रारीचा कागद शेवटपर्यंत वाचण्याची सवय लागते, आणि सहा व्यावसायिकांसमोर 'याने रुग्णाचे काय होईल?' असे विचारण्याची तयारी लागते. हिशेब तपासनीस, शिक्षक, अभियंते अशी माणसे आपल्या महाराष्ट्र मंडळांत भरपूर आहेत. त्यांनी अर्ज करावेत.